भीती कमी पडली

निकुंभ मॅडमचा फोन आला तेव्हा
मी स्टुलावर उभी होते, केरसुणी छताला लावून,
दिवाळीची जळमटं काढत.
"ताई, एकतीस तारखेला आपलं क्लबहाउस
जरा भुताटकीचं करून द्याल?
हॅलोविन आहे. पण फार नको हं, मुलं लहान आहेत."
तोंडावर जाळं आलं होतं,
ते पुसत पुसत भाव सांगितला.

तीस वर्षं आमचं दुकान हसऱ्या गोष्टींचं.
बारशाचे पाळणे, डोहाळजेवणाची चंद्रकोर,
थर्मोकोलचा 'शुभविवाह', त्यातला 'वि' कायम तिरका.
भीतीचं सामान कुठल्या कपाटात ठेवलंय
आठवेना.

मग आठवत गेलं.
मोहाडीला मामेभावाच्या बागेत छाटणी झालेली,
बांधावर काड्यांचा ढीग.
छोटा हत्ती भरून आणल्या, कोपऱ्यात उभ्या केल्या,
खालून हिरवा दिवा टाकला
तर द्राक्षाची काडी म्हणजे हुबेहूब बोटं,
पेरापेरांची, काहीतरी मागणारी.
जब्बारभाई वायर सोलता सोलता म्हणाला,
"कार्यक्रम झाला की फेकू नका, चुलीला नेतो."

जाळी कापसाची केली.
मॅडमचे मिस्टर खालून सांगत होते,
अजून ताणा, अजून विरळ.
घरी काढायची, इथे लावायची,
आणि लावायचे पैसे मिळतात.

भोपळे पंचवटीच्या बाजारातून.
"सात डांगरं? जेवणावळ हाये का?"
"नाही मावशी, तोंडं कोरायचीत."
तिने माझ्याकडे पाहिलं, मग डांगरांकडे,
मग न मागता दहा रुपये कमी केले.
आई असती तर म्हणाली असती,
बाईने अख्खा भोपळा पहिल्यांदा चिरू नये,
पुरुषाकडून सुरी टेकवून घे.
पुरुष म्हणून हाताशी होता
वॉचमन खैरनारांचा नातू, इयत्ता दुसरी.
त्याने सुरी टेकवली आणि स्वतःच दचकून मागे सरला.
त्या दिवसाची पहिली भीती ती. फुकट.

कावळे मी शेवटी ठेवले.
काळा कार्डपेपर, डोळ्याला लाल टिकली, वीस नग.
पंधराव्याचा पंख कापताना कात्री थांबली.

रामकुंडावर, अण्णांच्या दहाव्याला,
पान मांडून आम्ही बाजूला झालो होतो.
वर तारेवर कावळेच कावळे, एकही उतरेना.
भावाने जमिनीचं सांगितलं,
आईला सांभाळीन, तेही सांगितलं.
ऊन चढलं. भाताला मुंगी लागली.
गुरुजी घड्याळ बघत होते, पुढचं कुटुंब खोळंबलेलं.
तेव्हा मी, जिला कुणी विचारलं नव्हतं,
पुटपुटले:
अण्णा, शटर खाली पडू देणार नाही.

तो अर्धा तास.
त्यात धूर नव्हता, हिरवा दिवा नव्हता.
गोदावरीचं पाणी होतं, आणि पलीकडे कुणीतरी
वाटाणे विकत होतं.

वीसही कावळे टांगले, पंख्याच्या वाऱ्यात.
मुलं आली. चादरीतली भुतं,
एक हडळ, जिच्या वेण्या आईने चापून घातलेल्या,
एक जण वांगं होऊन आला,
कारण स्नेहसंमेलनातला तो वेष घरात तयार होता.
किंचाळली, हसली, चिप्स सांडले.
एक छोटी मात्र मान वर करून
कावळ्यांखाली उभी राहिली.
"हे खाली का येत नाहीत?"
"येतात. काहीतरी सांगावं लागतं."
"काय?"
तेवढ्यात केकसाठी काडेपेटी कुठेय म्हणून
मला हाक आली.

हिशेबात मॅडमनी पाचशे कापले.
"छान झालं, ताई, पण भीती थोडी कमी पडली."
मी वाद घातला नाही.
सातही भोपळ्यांचा गर डब्यात भरून आणला होता.
रात्री अकराला गूळ घालून शिजवला, घारगे थापले.
पहिला खिडकीच्या कठड्यावर ठेवला,
उगाच,
आणि गॅस बारीक करून
उरलेले तळत बसले.