पिशव्यांपाशी

इंग्विल्डबाईंचा धाकटा सोळा ऑगस्टला पंधरा पूर्ण करतो.
त्याआधी गोरिलांच्या जंगलात त्याला पाऊल टाकता येत नाही,
म्हणून मी हा सगळा प्रवास शेपटाकडून धरलाय:
आधी मारा नदी, काठावर अडून बसलेले वाइल्डबीस्ट,
मग सेरेंगेटी, न्गोरोंगोरोची धुक्यानं भरलेली परात,
मग किगाली, च्यानिकाची चौकी,
आणि शेवटी आमचं किसोरो.
चार देश. पीतज्वराचा पिवळा दाखला.
छोट्या विमानाला चाकांची बॅग चालत नाही,
पंधरा किलोंच्या वर एक मोजासुद्धा नको.

नकाशावर मी राजम्याचे दाणे मांडते,
एक दाणा, एक मुक्काम.
वीज जाते तेव्हा मोबाइलच्या उजेडात
दाण्यांच्या सावल्या तलावांएवढ्या होतात.

ऑस्लोहून विचारणा येते:
प्रिय कोमुहांगी, गोरिला नक्की दिसतील ना?
मी लिहिते, जंगल आहे ते, दुकान नाही.
खोडते.
लिहिते, शक्यता चांगली आहे.
दिसले की एक तास मिळतो. घड्याळ लावून.

त्या तासाच्या दारापर्यंत
आई चौदा वर्षं जाते आहे.
पाठीवर लोकांच्या पिशव्या,
चिखलात लोकांचे घसरते हात तिच्या हातात,
आग्याच्या झुडपांतून वर, वर,
आणि ऐन शेवटच्या वळणावर वाटाड्या हात उंचावतो:
सामान इथंच. काठ्या इथंच.
माणसं पुढं जातात.
आई आणि बाकीचे हमाल खाली बसतात.
कोणी तंबाखू काढतं. कोणी डुलकी.
पलीकडे फांद्या मोडल्याचा आवाज,
छाती बडवल्याचा आवाज,
मग कॅमेऱ्यांची ती बारीक किरकिर.
परत येणाऱ्यांचे डोळे ओले असतात,
आई त्यांना पाण्याची बाटली देते.

हमालांचा नंबर पाळीनं लागतो. आईची पाळी गुरुवारी.
धाकट्याचा वाढदिवस मंगळवारी येतो,
म्हणजे बुधवारी डोंगर चढता आला असता.
मी मध्ये एक दाणा वाढवलाय,
मुतांडा तळ्याकाठी एक दिवस विश्रांती,
उंचीची सवय व्हावी म्हणून.
हे खोटं नाही. अगदी खरंही नाही.
त्या बाई पैसे देताना हिशेब करत नाहीत म्हणतात,
आणि आईला गुडघ्याचं औषध घ्यायचंय.

एकदाच झालं होतं. बटाटे सोलताना सांगितलं तिनं,
तेही दार लावून,
जणू कोणी येऊन पावती मागेल.
मंडळी पुढं गेली होती, समोर बघत.
आणि मागच्या बाजूनं, पिशव्यांकडून,
एक मादी आली. पोटाला पिल्लू.
बसली.
मग? मी म्हटलं. कशी दिसत होती?
नजरेला नजर द्यायची नाही असं शिकवलंय,
आई म्हणाली, मी खालीच बघितलं.
हात बघितले तिचे.
नखं माझ्यासारखी, कडांना माती.
तिनं एका पिशवीचा पट्टा चिमटीत धरला,
हुंगला,
सोडून दिला.
किती वेळ होती?
मला कुठलं घड्याळ, आई म्हणाली,
आणि सालांचं पातेलं माझ्याकडं सरकवलं.

दिवस बारावा, मी लिहिते.
पहाटे पाचला न्याहारी. जाड हातमोजे. लांब बाह्या.
परवान्यावर नाव पासपोर्टातल्यासारखंच हवं.
पिशवी हलकी ठेवावी.
हे शेवटचं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला लिहिलं नव्हतं.
तशीच टेबलावर डोकं टेकून झोपले.

सकाळी नकाशावर एकही मुक्काम नाही.
मारा नाही, किगाली नाही,
तळ्याकाठचा तो जास्तीचा दिवससुद्धा नाही.
आईनं दाणे भिजत घातलेत.
चारही देश पातेल्यात टम्म फुगलेत.