न्हाई लिवायला

कसबा बावड्यात, कोर्टाच्या कुंपणाला लागून
माझं टेबल, माझी छत्री
आणि एक गोदरेज मशीन, ज्याचा 'ळ' अर्धाच उमटतो.
म्हणून काळ्यांना आणि माळ्यांना मी शेवटी
पेनानं पुरं करतो.

एकतीस वर्षं शब्द विकतोय.
अर्जाला वीस, प्रतिज्ञापत्राला पन्नास.
गिऱ्हाईक नसलं की शब्द उलटे करून बघतो,
वांगं बघावं तसे, देठाकडून.

गुन्हेगार घ्या.
गुन्हा आला फारशीतनं, घोड्यावर बसून,
त्याच्या मागं बसलेला गार म्हणजे करणारा.
कामगारातला गारही तोच.
जुन्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे कधी नुसता दंड.
भरला की माणूस घरी जाऊन जेवायचा.
पुढं कधीतरी दंड फिटला
आणि शब्द अंगावर राहिला.

आरोप हा रोपाचा सख्खा भाऊ.
गगनबावड्याकडं चिखलात भात लावतात
तसा तो माणसावर लावायचा.
पाणी घालणारे पुष्कळ असतात. धरतोच.

आणि तडीपार!
तड म्हणजे काठ. नदीपल्याड काढलेला.
हल्ली तो निपाणीत बसून चहा पितो
अन् पंचगंगेला पत्ताच नसतो.

असं काहीबाही चाललेलं असताना
झेलाबाई काळे आली.
नातू मिथुन, पोलीस भरतीला उभा,
रोज पहाटे अनवाणी सोळाशे मीटर पळतो.
चारित्र्याचा दाखला पाहिजे, त्याचा अर्ज.

मी बोटं चालवली, सवयीनं वाचत गेलो:
सदर इसम गुन्हेगार नसून...

"थांबा," म्हणाली.
"न्हाई लिवायला त्यो शबूद कशाला लागतोय?"

मी म्हटलं, मावशी, नमुनाच तसा असतो.

"आसंल. पर माझा सासरा तारंच्या आत जल्मला.
सांजंला हजेरी. आंगात ताप आसला तरी हजेरी.
काय केलं हुतं त्येनं?
जल्मला हुता.
त्येच्या नावाम्होरं त्यो शबूद हुता,
आता ह्येच्याबी म्होरं टाकताय,
वर न्हाईचं फडकं."

मी कागद ओढून काढला, दुसरा चढवला.
निर्दोष. आत दोष बसलेला.
निष्कलंक. कलंक पुसलाय, डाग दिसतोय.
निरपराध.
इथं जरा थांबलो, कारण अपराधाच्या मुळाशी
नेम चुकणं आहे. बाण सुटला, लागला नाही, एवढंच.
पण यांच्याकडं कुठला बाण?
फासे होते, घोड्याच्या केसांचे,
तितरं धरायला. नेमाचा प्रश्नच नव्हता.

बेकसूर, बिनडाग.
सगळे शब्द शिपायासारखे,
कुणाला तरी धरून आणल्याशिवाय येतच नव्हते.

मग मी नुसतं लिहिलं:
मिथुन काळे. वय एकोणीस.
बारावी पास, कला शाखा.
सोळाशे मीटर, पाच मिनिटं सहा सेकंद.
पायात बूट नाहीत.

साहेब हा अर्ज परत पाठवणार, मला ठाऊक आहे.
तिलाही ठाऊक असावं.
तरी तिनं तो दोनदा वाचून घेतला,
'नाहीत'पाशी बोट ठेवून विचारलं, ह्ये काय?
बूट, म्हटलं.
"हां. मग ऱ्हाऊ द्या."

'ळ' पेनानं पुरा केला.
तिनं कंबरेची पिशवी सोडली,
दोन-दोनची नाणी, मोजून दहा.
मी नको म्हणणार तोवर
ती पुढं वाकली, आवाज खाली आणला:

"पावती द्या, दादा.
न्हाईतर फाटकावर कोन तरी म्हनंल,
म्हातारी कागूद चोरून न्हेती."