हातचा

बर्स्लेमच्या त्या पबात खडू माझ्याकडे असायचा.
पाटीवर दोन्ही बाजूंना पाचशे एक लिहायचं
आणि पुसत पुसत खाली उतरायचं.
एकातून पाच जात नाहीत, शेजारी शून्य,
म्हणून त्याच्याही पलीकडच्या पाचाचं दार ठोठवायचं.
हे शाळेत मला कधी जमलं नाही,
पबात आठवड्याभरात आलं.
खडूवाल्याला नियम एकच:
किती उरले ते सांगायचं,
कसे संपवायचे ते नाही.

केल्विन टनिक्लिफ दिवसा कपांना कान लावायचा.
ओल्या मातीचे कान, दिवसाला बाराशे.
घाईत सोडला तर वाकडा,
उशिरा सोडला तर अंगठ्यालाच चिकटून परत येतो.
"डार्टचंही तेच," एवढंच तो म्हणायचा
आणि त्यावर कुणी बिअर पाजली तर नाही म्हणायचा नाही.

रेषेपासून फळ्यापर्यंत सात फूट सव्वानऊ इंच.
एवढ्या अंतरावरून माणूस माणसाशी
आवाज न चढवता बोलू शकतो.
विसाच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला पाच:
ज्याने फळा आखला
त्याने हावरी माणसं जवळून पाहिली असणार.
केल्विन हावरा नव्हता. त्याला बत्तीस आवडायचे.
बत्तीस चुकले तर सोळा, सोळा चुकले तर आठ,
मग चार, मग दोन.
"बघ," म्हणायचा, "दर वेळी अर्धी भाकरी उरतेच."

बेरिलने पडद्याच्या कापडाचा शर्ट शिवला,
पाठीवर सोनेरी दोऱ्याने 'द हँडल'.
डब्लू उलटा पडेल म्हणून आडनाव टाळलं, असं ती सांगे;
आडनावात डब्लू नाहीच, हे कुणी तिला सांगितलं नाही.

चौऱ्याऐंशीचा जानेवारी. ग्रेट यार्मथ, हॉलिडे कॅम्प.
बाहेर झोपाळे साखळीने बांधलेले,
समुद्र भांडी धुतलेल्या पाण्यासारखा.
आत धूर, टीव्हीचे दिवे, आणि बत्तीस.
पहिला डार्ट तारेवर लागून त्याच्या बुटापाशी पडला.
दुसरा, सोळा.
तिसरा, आठ. केसभर आत.
समोरच्या वेल्श पोराने चाळीस एका फेकीत काढले
आणि गुडघ्यावर बसून रडला.
केल्विनने त्याला उठवलं. ते टीव्हीवर दिसलं नाही.

हात दोन वर्षांनी बिघडला.
कोपर नीट, मनगट नीट, श्वास नीट,
फक्त बोटं उघडेनात.
हात पुढे जायचा, मागे यायचा, पुढे,
जणू दारावर कुणी आहे
आणि कडी वाजवावी की नाही ते ठरत नाही.
खेळाडूंमध्ये त्या दुखण्याला नाव आहे.
रात्री सापाचं घेत नाहीत तसं आम्ही ते घेत नाही.
डॉक्टरने हात दाबून पाहिला, म्हणाला, छान आहे.
बेरिल म्हणाली, झोपेत सोडतो. ऐकू येतं,
बोटं गादीवर उघडलेली.

मग स्केगनेसला, दोन हंगाम,
पोरांबरोबर फोटो, पाच पौंड, डावा हात.
मग पार्सलांची व्हॅन.
कारखाना बंद झाला त्या दिवशी
त्याने खिशातून एक कान आणला, कप नसलेला, भाजलेला.
तो अजून त्याच्या किल्ल्यांना आहे.

आता पबात पडदा आहे.
तो किती उरले ते सांगतो, आणि न विचारता
कसे संपवायचे तेही.
माझी पाटी मुतारीच्या भिंतीला टेकून आहे,
तिच्यावर सूपचा भाव.

गुरुवारी आम्ही दोघंच होतो.
बत्तीसवर तो उभा राहिला. हात गेला, आला. गेला.
मी शेंगदाण्यांकडे बघत बसलो, बराच वेळ.
शेवटी त्याने डार्ट माझ्या तळहातावर ठेवला.
गरम होता, दाबून दाबून.
मी फेकला. लागला एकात, सिंगल.
पडदा उजळला, खाली मार्गदर्शन आलं.
केल्विनने त्याच्याकडे पाठ केली.
"किती राहिले?" त्याने मला विचारलं.

एकतीस, मी म्हटलं.
पुढचं सांगितलं नाही.