पत्ता

देवगड बंदरावर, लिलावाच्या शेडमध्ये,
बर्फाच्या रिकाम्या पेटीची उशी करून
आरोपी निजलेला आढळला.
ताब्यात: एक गोणपाट. एक बॅटरी, सेल नाहीत.

नाव लाडू घवाळी. वय अंदाजे साठ.
पत्त्याचा रकाना कोरा ठेवता येत नाही,
मी कारकून, मी थांबलो.
साहेबांनी विचारलं, राहता कुठं?
"कलमाखाली."
कोर्ट हसलं. सरकारी वकील तर टेबल धरून.
कुठल्या कलमाखाली?
"खालच्या बागेतल्या. पाडव्यापास्ना मिरगापरयात.
वांदर येतत, चोर येतत,
रातभर डबो बडवूचो.
डोळो लागलो काय मालक पैशे कापी."
आणि मिरगानंतर?
तो गप्प. आमच्या खिडकीतून बंदर दिसतं.

दंड दोनशे, नाहीतर दोन दिवस आत.
आत छप्पर आहे,
हे निकालात लिहायचं नसतं.

रकान्यात मी 'कलम' एवढंच लिहिलं,
पुढे आकडा घातला नाही.
बॅटरी परत दिली. पोच हवी म्हणून
शाईचा पॅड सरकवला,
तर अंगठा आधीच काळा,
आंब्याच्या चिकाने.