डावी कड

केंद्रावरून फॉर्म आला आहे.
शाळा सुटल्यानंतरचा उपक्रम : आट्यापाट्या.
विद्यार्थ्यांना झालेला लाभ : पन्नास शब्दांत लिहा.
तीन दिवस तो हजेरीपटात घडी होऊन पडलाय.

खरं सांगायचं तर मला जादा तास घ्यायचा होता.
शिष्यवृत्ती तोंडावर, अपूर्णांक कच्चे,
राळेगावहून रंगीत खडूसुद्धा आणले होते.
पण साडेचारला बाहेर पाहतो तो
खिचडीची भांडी घासून उठलेल्या वच्छलाबाई
डालड्याचा डबा हलवत उलट्या पावलांनी चाललेल्या,
डब्याच्या तळाला खिळ्याने पाडलेली भोकं,
चुलीतली राख झरतेय
आणि मैदानावर नऊ पाट्या, मधून सूर,
माझ्या फळ्यावरच्या रेघांपेक्षा सरळ.
"तास उद्या घ्या गुर्जी," त्या म्हणाल्या,
"आता राख सांडली."

तो उद्या काही आला नाही.

नंदा कोवे रोज कडुलिंबाला टेकून उभी.
डाव्या कडेवर भाऊ, दीड वर्षाचा,
त्याच्या मुठीत तिचीच वेणी.
आई वेचणीला. अंधार पडेस्तोवर पोरगं हिचं.
वर्गात ही शेवटच्या रांगेत,
नाव घेतलं तरी पाटीकडे बघणारी.
इथे मात्र मान ताणून ताणून बघायची,
कुणी हुकलं की हिचाच पाय आपटायचा,
भाऊ दचकायचा.

एका बुधवारी सरळ माझ्यापुढे आली.
"गुर्जी, याले धरता का?
तुमी तसंबी काई करून नाई राह्यले."

बी.एस्सी., बी.एड., सतरा वर्षं नोकरी.
मी धरला.

आणि ती राखेपाशी जाऊन उभी राहिली.
भाऊ उतरला होता, भार उतरला नव्हता;
कंबर अजून तशीच डावीकडे कललेली,
रिकामा हात कुणाला तरी सावरून धरल्यासारखा.
पहिल्या पाटीवर आदेश टेकाम, सातवीतला, ताडासारखा उंच.
त्याने तिची कंबर पाहिली, ओळखलं ही कुठून जाणार,
आणि दोन्ही हात पसरून तिकडे झेपावला.

ती दुसरीकडून गेली.

दुसरी पाटी. तिसरी.
प्रत्येक जण त्या कलण्याला फसला.
चौथीवर तिचं तिलाच कळलं असावं,
कारण पाचवीला ती मुद्दाम जास्त कलली
आणि हसली.
तिचे पुढचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

सातवीवर बाद झाली. धुळीत फतकल मारून बसली,
आदेशशी भांडली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर,
"तुहा पाय पाटीवर नोता, मी पायला!"
ही तीच, जिच्याकडून 'हजर' ऐकायला
मला तीनदा नाव घ्यावं लागतं.

आता फॉर्म.
'चपळता वाढली' लिहिलं, खोडलं.
'सांघिक भावना वाढीस लागली' लिहिलं, तेही खोडलं.
अपूर्णांक अजून कच्चेच आहेत, ते विचारलेलं नाही.
माझा शर्ट आठवड्यातून दोनदा ओला होतो,
माझी डावी कंबर ठणकते,
आणि घरी बायको म्हणते, तुम्ही वाकडे चालायला लागलात.
हे कुणाला झालेल्या लाभात मोडतं?

काल डाव मोडला तेव्हा
वच्छलाबाईंच्या पाट्या पुसून गेलेल्या,
सगळ्यांच्या पोटऱ्या राखेनं पांढऱ्या.
नंदानं माझ्याकडून भाऊ घेतला,
डाव्या कडेवर ठेवला, थांबली,
काढला आणि उजव्या कडेवर घेतला.
त्यालाही ते नवं. तो वेणी शोधत राहिला.

"काऊन गं?"

"त्याइले माही हूल समजली गुर्जी,"
ती चालता चालता म्हणाली,
"आता ही बाजू तयार करा लागन."