थोडेच काप

तीस वर्षं मी लोकांचे केस कापतेय
तुंगकांग बंदराच्या मागच्या गल्लीत.
ट्यूनाच्या बोटींवरून उतरलेले खलाशी
माझ्या खुर्चीत घोरायला लागतात, इतका हात हलका.
पण जूनमध्ये एका वीतभर झाडापुढे
कापायला बसले
आणि हातच कापू लागला.

नांदरूक. तिएनफूने दिलं, कुंडीसकट.
जन्म काढला जहाजाच्या इंजिनखोलीत,
एक कान तिथेच ठेवून आला.
आता गच्चीवर चाळीस झाडं, आणि बायकोची सायकल.
म्हणाला, केस चुकले तर महिन्यात झाकतात, सू-चिन.
हे लक्षात ठेवतं.
आणि शेंगदाणे सोलत बसला.

आधी समोरची बाजू ठरव.
मी कुंडी फिरवली. परत फिरवली.
माणसाची समोरची बाजू आयतीच असते,
नाक सांगतं, आरसा सांगतो,
तो स्वतःच सांगतो, बाई, कानावरून जरा.
हे झाड मला सगळीकडून पाठमोरं.
बुंध्याशी मुळं पसरलेली, बदकाच्या पंजासारखी,
फक्त एका अंगाला काहीच नाही, सपाट.
ते अंग मी मागे केलं.
गिऱ्हाइकाचं टक्कल मी असंच झाकते.

आत वळलेली काढ. सरळ वर धावणारी काढ.
एका जागी तीन फुटल्या तर दोन ठेव.
ऐकायला इतकं सोपं
की मला संशय आला.

पहिला घाव, आणि चीक.
पांढरा, दाट, थेंबामागे थेंब
कात्रीवर, नखांत, पायरीवर.
मी कापूस आणायला धावले!
तिएनफूने ओलं फडकं पुढे केलं,
अंगठ्याने दाबून धर, म्हणाला,
थांबतं आपोआप.
थांबलं.

मग मला लय सापडली, आणि तेच चुकलं.
डावीकडची सगळ्यात खालची, करंगळीएवढी फांदी
फार लांब वाटली.
मानेवरचे शेवटचे केस काढावेत
तशी सवयीने, एका खटक्यात, काढली.
शेंगदाण्यांचा आवाज बंद झाला.
"ती ठेवायची होती," तो म्हणाला.
बहिऱ्याला आपला आवाज किती ते कळत नाही,
तरी हळू म्हणाला.

यी-ज्वेनचा रविवारी फोन आला ताओयुआनहून.
आई, झाड कसलं घेतलंस, मांजर घ्यायचं.
मी फांदीचं सांगितलं नाही.

तार मात्र मला जमली,
वेणी घालणाऱ्या हाताला तार काय.
तिरके वेढे, ना सैल ना घट्ट,
उजवी फांदी हळूहळू खाली आणली,
कट्कन आवाज आला की थांबायचं,
आवाजाच्या जरा आधी थांबता आलं तर उत्तम.
पुढे वादळांचे आठवडे,
दुकानात पाणी, खुर्च्या टेबलांवर,
तार मी विसरले. फांदी विसरली नाही, जाड होत गेली.
सप्टेंबरात तुकडे तुकडे करून तार काढली,
तेव्हा सालीवर वळसे उमटलेले.
तिएनफूने त्यांवरून बोट फिरवलं,
जिना उतरावा तसं, पायरी पायरी.
म्हणाला, तीन आठवडे उशीर.
बरोबर तीनच होता.

ती कापलेली करंगळी
सोयादुधाच्या डब्यात रेतीत खोचली आहे,
आरशाखाली, कंगव्यांच्या शेजारी.
दोन पानं आहेत. एक पिवळं.
नखाने साल खरवडून बघते अधूनमधून,
हिरवं दिसतं, की मला दिसावंसं वाटतं,
संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये सांगता येत नाही.

आज एक पोरगा आला, पहिल्या सफरीला निघालेला.
"थोडेच काप," म्हणाला.
मी मागे उभी राहिले, कात्री उघडी,
खुर्ची जराशी फिरवली. परत फिरवली.
काय झालं काकू?
काही नाही रे,
समोरची बाजू बघतेय.