कूलरचं गवत

पारोळा मागे पडलं तरी काचेवर मीठ होतंच,
वायपर फिरला की दोन पांढऱ्या कमानी.
मग जळगाव, मग केळीचे ट्रक,
मग भुसावळ, रात्री उशिरा, अकरा दिवसांनी.
कुलूप काढताच घरानं तोंडावर फेकला
कोंडून ठेवलेला फेब्रुवारी.

नळ येऊन गेला होता.
भारंबेबाईंनी दोन टाक्या भरून ठेवल्या,
भिंतीवर खडूनं तारीख, आणि सकाळी दारात त्याच:
"मंग, कधी चालले समुद्रावर राह्यले?"

वही ह्यांची. शंभर पानी.
गार्डाच्या जर्नलसारखे रकाने पट्टीनं आखलेले:
गाव. भाडं. दवाखाना किती मिनिटांवर.
विहिरीचं पाणी गोड की मचूळ.
शेवटचा रकाना माझ्या अक्षरात,
भरताची वांगी मिळतात का.

मुरूडला खोली चांगली, खिडकीत माड,
पण जिना असा की गुडघ्यांनी
पाचव्या पायरीवरच राजीनामा दिला.

हर्णैला मुकादम चाचीकडे
पाच घरांच्या चाव्या एकाच नाड्यात.
"ह्यांचं कुवेत, ह्यांची मुंबई,
हा तर फोनही उचलत नाही,
आणि तुम्ही इकडे येता?"
चुकीच्या फलाटावर उभ्या माणसाकडे
बघावं तसं बघितलं तिनं.
मग कोकम दिलं. पैसे घेतले नाहीत.

गुहागरला मी घरून नेलेली वांगी काढली,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बामणोदची.
गॅसवर भाजली.
तिथं पऱ्हाट्या कुठून आणणार?
साल निघाली, धूर काही लागला नाही.
घरमालकीण म्हणाली, छान आहे हो, काय म्हणतात ह्याला?
हे मुकाट्यानं जेवले.
रकाना कोराच राहिला.

देवगडला मात्र
पाण्यापाशी बसले ते उठेचनात.
छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात,
मागं मागं जाणारे रूळ बघत.
"इथं काही निघूनच जात नाही गं," म्हणाले,
"मागं सरतं, पुन्हा येतं."
मी म्हटलं, चपला भिजताहेत तुमच्या.
त्या रात्री
अकरा दिवसांत पहिल्यांदा ते खोकले नाहीत.
मी जागीच होते, वाट बघत खोकल्याची.
तो येईना म्हणून झोप येईना.
हे वहीत लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

काल ते झोपल्यावर
शेवटच्या पानावर मी लिहिलं: भुसावळ.
भाडं: नाही.
दवाखाना: चालत सात मिनिटं, डॉक्टर ओळखीचे.
पाणी: अकराव्या दिवशी, आलं तर.
उन्हाळा: गेल्या साली सत्तेचाळीस,
पाल मेली होती भिंतीवरच चिकटून.
हवा: वाळत टाकलेली साडी झटकली की राख.
वांगी...
इथं पेन्सिल जरा थांबली.
दहापैकी दहा दिले, मग खोडून अकरा.
तरीही बेरजेत आमचं गाव सगळ्यांत खाली.
पान फाडलं नाही.
उशाखालीही ठेवलं नाही, तसलं काही नाही.
वही फ्रीजवर होती, फ्रीजवर ठेवली.

आज रविवार. ह्यांनी गच्चीवरून कूलर खाली आणला.
झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं सालं:
अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, दोन हजार,
एकही चुकलेलं नाही.
तळाशी गंज, कबुतराचं पीस.
जाळीतून जुनं गवत उपसत,
किती वाजले विचारावं तशा आवाजात म्हणाले,
"गवत बदलू का यंदा?"

मी मिरच्यांचे देठ काढत होते.
"तिन्ही बाजूंचं?"
"तू सांग."

पलीकडे यार्डात मालगाडी सुटली,
डबे एकमेकांना धक्के देत.
हे सवयीनं मोजायला लागले, ओठांतल्या ओठांत.
मीही देठ मोजत बसले.
अठ्ठावन्नावर शेवटचा डबा गेला असावा,
कारण ह्यांनी मान वर केली.

"एका बाजूचं बदला," मी म्हणाले.